मांजराला मासे आवडतात, हे ठरवलं कुणी?

पहिलीच्या पुस्तकापासून मोबाईलमधल्या कार्टूनपर्यंत, चित्रातल्या मांजरापुढे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: दुधाची वाटी, नाही तर नुसता काटा उरलेला मासा. वाटी आपल्याकडची आहे. तो काटा मात्र बाहेरून आलेला वाटतो. निदान आमच्या मुरगुडात तरी. गावाला वेदगंगा आहे, सर पिराजीराव तलाव आहे, त्यामुळे मासा इथं अगदीच परका नाही. पण समुद्राचा मासा घाट चढून यायचा, म्हणजे भाव वाढवूनच यायचा, आणि सुकट-बोंबील बाजाराच्या दिवशी. तो मांजराला रोज कोण घालणार? इथल्या मांजराच्या वाट्याला दुधात कुस्करलेली भाकरी येते, खाटकाच्या दुकानापुढं टाकलेल्या चरबीचे तुकडे येतात आणि बाकीचं त्याचं ते बघून घेतं.

मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही. दोन्ही वर्गांत म्हणी असतात. मराठीत ‘शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं’, उर्दूत ‘बिल्ली के भागों छींका टूटा’. शिंकं तेच, बोका तोच, शिंक्यातलं दूध-दही-लोणीही तेच. मराठी मांजर डोळे मिटून दूध पितं. उर्दू बिल्लीला स्वप्नातही छीछड़े दिसतात, म्हणजे कसायानं बाजूला काढलेले मांसाचे टाकाऊ तुकडे. मासा दोन्हीकडे नाही.

आता जरा पूर्वेकडे जाऊ. चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं काही झालं, की उर्दू-हिंदीत म्हणतात दुधाच्या राखणीला मांजर. बंगालीत हीच म्हण आहे, पण तिथं मांजर चौकीदार होतं ते सुक्या माशांच्या बाजारात. जपानीतही हीच म्हण आहे आणि तिथं मांजराच्या हवाली केलेली वस्तू आहे वाळवलेला बोनिटो मासा, त्यांच्या स्वयंपाकघरातली सर्वांत जपून ठेवायची चीज. अर्थ तिन्हीकडे एकच, मांजराचा स्वभाव एकच. बदलतं ते फक्त फडताळातलं. मध्ययुगीन युरोपात एक लॅटिन म्हण होती: मांजराला मासे हवेत, पण पाय ओले व्हायला नकोत. शेक्सपिअरनं ‘मॅकबेथ’मध्ये तिचा उल्लेख केला आणि ती इंग्रजीत कायमची बसली. युरोपच्या ख्रिस्ती घरांत उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासा चालत असे, तेव्हा तिथल्या मांजराला माशाचा वास ओळखीचा असणारच.

आपल्या जुन्या कथांतलं मांजर तर माशाकडे बघतही नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणारं एक ढोंगी मांजर आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात ते कोरलेलंही आहे. समोर गंगा वाहते आहे, आणि या महाराजांचा डोळा कुणावर? उंदरांवर. पंचतंत्रातलं दधिकर्ण मांजर ससा आणि कपिंजल पक्षी खातं, हितोपदेशातलं दीर्घकर्ण गिधाडाच्या ढोलीत बसून पाखरांची पिल्लं खातं. माशांसाठी ढोंग करण्याचं काम आपल्याकडे बगळ्याला दिलेलं आहे. कथाकारांची ही वाटणी मला फार नेमकी वाटते. आणि नऊशे उंदीर खाऊन हजला निघालेली उर्दूतली बिल्ली ही त्या गंगेकाठच्या तपस्व्याची सख्खी बहीण आहे, हे वर्गात सांगितलं की दोन्ही भाषांची मुलं हसतात.

निसर्गशास्त्रही या कथाकारांच्याच बाजूनं बोलतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं, की जगभरच्या पाळीव मांजरांचा पूर्वज पश्चिम आशियातलं रानमांजर. कोरड्या, उघड्या मुलखातला प्राणी. उंदीर, पक्षी, सरडे, किडे हा त्याचा खुराक. मासे धरून जगणारं मांजर वेगळंच आहे, बंगालमधलं बाघरोल. ते पश्चिम बंगालचं राज्यपशू आहे आणि आपल्या घरच्या मांजराचं फार तर चुलत भावंड.

मग मांजर आणि मासा एकत्र आले कधी? एक जुना पुरावा इजिप्तचा आहे. लक्सरजवळ नख्त नावाच्या माणसाची कबर आहे, इसवीसनापूर्वी सुमारे 1400 ची. तिच्या भिंतीवर मेजवानीचं चित्र आहे आणि खुर्चीखाली एक मांजर मासा खातंय. मांजराला मासे आवडतात याचा दाखला म्हणून हे चित्र सतत दिलं जातं. पण त्याच परिसरातल्या, साधारण त्याच काळातल्या नेबामुनच्या कबरीतलं मांजर पाणथळीत उभं आहे. पाण्यात मासे भरपूर रंगवलेत, आणि या मांजरानं धरलेत पक्षी. नाईलकाठच्या घरात माणसाच्या ताटात मासा होता म्हणून खुर्चीखाली मासा आला. जिथं मांजराला स्वतः निवडता आलं, तिथं त्यानं पंखवाले निवडले. अर्थात चित्रकाराची हौस यात धरावी लागेल.

चित्रकारापेक्षा पोट खरं बोलतं. तांबड्या समुद्रावरच्या कुसैर बंदरात रोमन काळातलं एक मांजर उत्खननात सापडलं, कापडात गुंडाळून पुरलेलं. वाळवंटाच्या कोरड्या हवेनं त्याच्या पोटातलं शेवटचं जेवणही टिकवलं होतं. बंदर समुद्राचं, मासळीचं. पोटात निघाले काळे उंदीर. 1983 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. काळा उंदीर मूळचा आपल्या भारतीय उपखंडातला. तो पश्चिमेकडे पसरला तो व्यापाराच्या मालाबरोबर, गलबतांतून. कुसैरसारख्या बंदरांतून निघालेली गलबतं भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि तिथला माल घाट चढून वर येई. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत समुद्रदेव पोसायडनची जी छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, ती याच व्यापारानं आलेली. टाऊन हॉल म्युझियममध्ये ती आहे, जाऊन बघा. देव इकडे आला, उंदीर तिकडे गेला आणि तिकडच्या मांजरानं तो खाल्ला!

आपल्या धार्मिक वाङ्मयातही मांजराच्या खाण्याच्या नोंदी आहेत. हजरत अबू हुरैरा यांना हे टोपणनावच मांजराच्या पिल्लावरून मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अबू दाऊदच्या संग्रहातला एक प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. हजरत आयशांकडे कुणीतरी हरीसा पाठवला. त्या नमाजमध्ये होत्या. मांजर आलं आणि त्यातला थोडा खाऊन गेलं. नमाज संपल्यावर आयशांनी जिथून मांजरानं खाल्लं होतं तिथूनच खाल्लं आणि मांजराचं उष्टं नापाक नसतं, असं पैगंबर (स.) यांच्या हवाल्यानं सांगितलं. उलेमांनी यातून पाकीचा मसला काढला, तो बरोबरच. मी इतिहासाच्या नजरेनं बघतो तेव्हा मला भांडं दिसतं. हरीसा म्हणजे गहू आणि मांस एकत्र घोटून शिजवलेलं अन्न, आपल्या हलीम-खिचड्याचा पूर्वज. मदिनेचं मांजर मदिनेच्या चुलीवरचं खात होतं.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे, मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. तिचा गुन्हा नीट वाचला तर दुहेरी आहे. तिनं स्वतः खायला घातलं नाही, आणि सोडलंही नाही, की त्यानं जमिनीवरचं आपलं आपण खावं. अरबीत तिथं ‘खशाश’ हा शब्द आहे: जमिनीवर वळवळणारे लहानसहान जीव. म्हणजे मांजराचं खरं अन्न काय, याची जाण त्या वाक्यातच आहे. ‘मी दूध ठेवलं होतं, त्यानंच प्यायलं नाही’ असं म्हणणाऱ्यांना ही हदीस ऐकवावी, असं मला बरेचदा वाटतं.

कैरोत तेराव्या शतकातल्या सुलतान बैबर्सनं बेवारस मांजरांसाठी एक बाग वक्फ केली होती. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन तिथं राहिला तेव्हा बाग हातची गेली होती, पण काझीच्या कचेरीसमोरच्या चौकात रोज दुपारी मांजरांना खायला टाकण्याची रीत चालू होती. काय टाकत? मांसाचे टाकाऊ तुकडे. उर्दू बिल्लीच्या स्वप्नातले तेच छीछड़े!

याउलट गोष्ट जानकेंतची. अरल समुद्राजवळ, आजच्या कझाकिस्तानात, ओघुझ तुर्कांचं हे नगर. तिथं आठव्या ते दहाव्या शतकांमधल्या एका मांजराचा सांगाडा मिळाला आणि 2020 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडं मोडून पुन्हा जुळलेली होती, दात गेलेले होते, तरी ते जगलं होतं, म्हणजे कुणीतरी त्याची काळजी घेतली होती. खाल्लेल्या अन्नाची रासायनिक खूण हाडात राहते, ती तपासल्यावर कळलं की त्याच्या खाण्यात प्रथिनं भरपूर होती, बहुधा मासे, माणसांनी घातलेले. सिर दर्याच्या काठची माणसं मासे खात, त्यांचं लंगडं मांजरही मासे खात होतं.

तर मग आवड रक्तात असते की ताटात? जिभेचं आधी सांगतो. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव घेणारं त्याचं एक जनुक निकामी आहे, हे 2005 मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी दाखवलं. ईदच्या शिरखुर्म्याला मांजर तोंड लावतं ते दुधा-तुपासाठी, साखरेचा त्याला पत्ता नाही. मांसाची जी खास रुचकर चव, जपानी भाषेत उमामी, ती मात्र त्याला चांगली कळते. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना आढळलं, की ट्यूना माशात भरपूर असणारं विशिष्ट घटकांचं मिश्रण मांजरांना फार भावतं. वाळवंटातल्या या प्राण्याला मासा का गोड लागू शकतो, ते यातून कळतं. पण लागू शकणं वेगळं आणि लागणं वेगळं.

1970 च्या दशकात अमेरिकेत वांडा विर्विका या संशोधिकेनं मांजरींना केळी खायची सवय लावली. त्यांच्या पिल्लांपुढे केळंही होतं आणि मांसाच्या गोळ्याही. बहुतेक पिल्लांनी आईबरोबर केळंच खाल्लं. पुढे बेलफास्टच्या अभ्यासात दिसलं, की आईनं गाभण असताना आणि दूध पाजताना चीज खाल्लं असेल, तर पिल्लं चीजच्या वासाकडे वळतात.

रत्नागिरीच्या दालदी मुसलमानांच्या वस्तीतलं मांजर बांगड्याच्या डोक्यासाठी का भांडतं आणि आमच्या गल्लीतलं त्याच बांगड्याकडे नाक मुरडून का जातं, याचं बरंचसं उत्तर इथं आहे. बरंचसं म्हणालो, सगळं नाही. आमच्या घरात एकाच मांजरीची दोन पिल्लं वाढली. ताटली एक, आई एक. एकाला सुकटीची पुडी उघडल्याचा आवाज पुरतो. दुसरं खिम्याशिवाय कशाला तोंड लावत नाही आणि दूध फ्रिजमधलं गार असलं तर पाठ फिरवून बसतं. ‘मांजराची जातच मासेखाऊ’ असं कुणी म्हणालं की मी या दोघांकडे बोट दाखवतो. कुणी काय खायचं ते जातीवर ढकलायची आपली सवय मांजरांपर्यंत गेली आहे.

मांजराच्या पोटात माणसाचं ताट दिसतं, पण ते वेळेवर बघावं लागतं. जपानच्या दक्षिणेला मिनामाता नावाचं खाडीकाठचं गाव आहे. 1950 च्या दशकात तिथल्या कोळ्यांची मांजरं विचित्र वागू लागली. लडखडत, गरगर फिरत, झटके येऊन मरत, काही समुद्रात पडत. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणू लागले. ती मांजरं खाडीतले मासे खात होती, कारण घरची माणसं खाडीतले मासे खात होती. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा खाडीत जात होता. मे 1956 मध्ये माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. 1959 मध्ये कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात कालवून मांजरांना घातलं. 400 क्रमांकाच्या मांजराला तोच नाच सुरू झाला. कंपनीनं हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. पारा सोडणं थांबलं 1968 मध्ये. 1970 मध्ये होसोकावांनी रुग्णालयातल्या खाटेवरून 400 नंबरच्या मांजराची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले.