भरताच्या दोन वीणा आणि कानाचा निवाडा

स्वरसमूह कानानें कसा जुळवावा व जुळलेला कसा ओळखावा, याचा पाठ भरताच्या नाट्यशास्त्रांत 28 व्या अध्यायीं आला आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यावर गणिताचें इतकें ओझें पडलें आहे कीं, हा मुळांत ऐकण्याचा प्रयोग आहे याचेंच विस्मरण व्हावें. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं 1910 सालीं बावीस श्रुतींचीं गुणोत्तरें प्रसिद्ध केलीं. त्यांनीं अब्दुल करीमखां यांच्या गळ्यावर पडताळा घेतला, हें त्यांच्या श्रेयास धरावें. परंतु तीं गुणोत्तरें भरताच्या ग्रंथांत नाहींत. उलट, सर्व श्रुती समान असें म्हणणारा पक्षही मूळ ग्रंथाचाच आधार सांगतो.

प्रयोग असा. दोन वीणा सर्वांशीं सारख्या घेऊन दोहोंवर षड्जग्राम लावावा: सा 4, रि 3, ग 2, म 4, प 4, ध 3, नि 2, मिळून 22 श्रुती. एक वीणा तशीच ठेवावी. दुसरीचा पंचम इतका उतरवावा कीं, मध्यमग्राम व्हावा. किती, याचें माप भरत देत नाहीं. षड्जग्रामांत रि आणि प यांत 10 श्रुतींचें अंतर असल्यानें त्यांचा संवाद नाहीं. पंचम उतरतां उतरतां तें 9 झालें कीं, संवाद जुळतो व कान तेथेंच थांबवितो. हीच प्रमाणश्रुति. मग पंचम तसाच ठेवून उरलेले स्वर उतरविले कीं, पुन्हा षड्जग्राम सिद्ध होतो.

पुढें “पुन्हा तसेंच” उतरवावयास सांगितलें आहे, आणि समश्रुतिवाद्यांचा सारा भर या शब्दांवर आहे. तथापि दुसऱ्या खेपेस थांबावयाचें तें चल वीणेचे ग व नि अचल वीणेच्या रि व ध यांत मिळाल्यावर; तिसऱ्या खेपेस रि व ध हे सा व प यांत; चौथ्या खेपेस सा, म, प हे नि, ग, म यांत. प्रत्येक उतार दोन तारांच्या एकनादानें ठरतो, आधींच्या उताराच्या मापानें नव्हे. म्हणून चारही उतार समान होते असें या पाठावरून सिद्ध होत नाहीं. देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयानें संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव 22 तारांची वीणा सांगतो. त्याची कसोटी निराळी, दोन तारांमध्यें तिसरा नाद ऐकूं येऊं नये. तीही कानाचीच.

या शिक्षणाचें फळ मूर्च्छना. स्वर तेच, आरंभ निराळा. षड्जग्राम पक्का करून एकेका स्वरास सा मानून गात जावें. सूक्ष्म श्रुतिभेद बाजूस ठेविले तर सा पासून आजचा काफी, नि पासून बिलावल, प पासून आसावरी, म पासून खमाज, ग पासून कल्याण व रि पासून भैरवी उमटते. ध पासून मात्र पंचमच सांपडत नाहीं, आणि अभ्यासकाला तें मोजावें लागत नाहीं, तो अडखळतो. संस्कृत शिकवितांना आम्हांस हेंच दिसे: लघुगुरु बोटांवर मोजणाऱ्या मुलास शार्दूलविक्रीडित उशिरां कळे, ज्याच्या कानीं चाल बसली, तो पहिल्या चरणांतच नांव सांगे.

पुढें सा एकच अचल धरण्याची रीत रूढ झाली आणि मूर्च्छना मागें पडल्या. रामामात्याच्या 1550 च्या स्वरमेलकलानिधींत मेलांची व्यवस्था आहे. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकीं सहा वर आलेच. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार केवळ आरंभस्वर बदलून हातीं लागत नाहींत. त्यांचा उगम अन्यत्र शोधावा लागतो.