विहाराचा नकाशा : इतिहास काय सांगतो?



आपल्या विहाराचा वर्धापनदिन साजरा होत असताना एक विषय घराघरांत बोलला जात आहे. जुने सभागृह आता अपुरे पडते, नवी वास्तू उभारायला हवी. त्यासाठी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एखाद्या वास्तुशिल्पीकडून नकाशा करून घ्यावा, असे ठरत आले आहे. यावर कुणी म्हणतं, "नकाशावर पैसे कशाला घालवायचे? आपला गवंडी आहे की!" तर कुणी म्हणतं, "एकदा आर्किटेक्ट धरला की तोच बघेल सगळं." या दोन्ही बोलण्यांना आपल्या धम्माच्या इतिहासात उत्तर आहे. ते समाजापुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकिकत आली आहे. संघासाठी आपणही विहार बांधावा असे त्याच्या मनात आले. त्याने स्वतः माती तुडवली, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण बांधकामाचे ज्ञान नसल्याने भिंत वाकडी झाली आणि कोसळली. दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा तो बिचारा वैतागून म्हणाला की, जे दान देतात त्यांना हे भिक्षू सल्ला देतात, माझ्यासारख्या गरिबाला मात्र कुणी काही सांगत नाही. ही गोष्ट भगवान बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी त्या शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची देखरेख एखाद्या भिक्षूकडे सोपवण्याची अनुज्ञा दिली. या कामाला पालीत 'नवकम्म' म्हणतात आणि ते पाहणाऱ्याला 'नवकम्मिक'. विहार लवकर पुरा कसा होईल आणि मोडतोड झालेली दुरुस्त कशी होईल, हे त्याने पाहायचे. श्रावस्तीला विशाखेने पूर्वाराम बांधला तेव्हा देखरेखीला स्वतः महामोग्गल्लान होते, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे काय, तर श्रद्धा आणि कष्ट असले तरी जाणकाराची जोड लागतेच.

आता दुसरी बाजू. जाणकार असला म्हणून सगळे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडायचे का? कोसंबीच्या छन्न भिक्षूची गोष्ट पाहा. एका उपासकाने त्याच्यासाठी विहार बांधायचे ठरवले व जागा निवडायला सांगितले. जागा साफ करताना छन्नाने लोक ज्याला मानत होते असे एक झाड तोडून टाकले. लोकांत मोठी नाराजी पसरली. यावरून नियम झाला की, बांधकामाआधी संघाला बोलावून जागा दाखवावी. तिथे जीवजंतूंना इजा होणार नाही आणि वास्तूभोवती फिरायला मोकळी जागा राहील, हे पाहूनच संमती द्यावी. जागेची पाहणी, मोकळी जागा, सर्वांची मंजुरी! आज नगरपालिकेत नकाशा मंजुरीला जातो तेव्हा जे पाहिले जाते, त्यातले बरेचसे इथे आहेच. याच छन्नाने तयार विहारावर पुन्हा पुन्हा छप्पर घातले, पुन्हा पुन्हा लेप चढवला. शेवटी भार न पेलून विहार पडला. हौसेने मजल्यावर मजला चढवू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वर्गणीबाबतही विनयात धडा आहे. आळवीच्या भिक्षूंनी कुट्या बांधायला घेतल्या आणि लोकांकडे माणसे, बैल, गाड्या, कुऱ्हाडी, बांबू, गवत असे मागतच राहिले. लोक इतके कंटाळले की भिक्षू दिसला की वाट बदलू लागले. गाय दिसली तरी भिक्षू आला समजून पळू लागले! तेव्हा असे मागून बांधलेल्या कुटीला लांबी-रुंदीची मर्यादा घातली गेली, लांबी 12 वीत आणि रुंदी 7 वीत. आधी माप, मग मागणी, हा क्रम तेव्हाच ठरला.

आपल्या महाराष्ट्रातील कार्ले येथील चैत्यगृह आपण सहलीत पाहिले आहे. तिथले खांब, दारे वेगवेगळ्या दात्यांची आहेत आणि त्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त याने दरवाजाचे दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे नावही दरवाजा घडवणारा म्हणून तिथे कोरलेले आहे. सुमारे 2000 वर्षे झाली, पैसे देणारा आणि हात चालवणारा या दोघांची नावे शेजारी शेजारी टिकून आहेत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 नंतरच्या काळात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते मुख्यतः पुस्तके डोळ्यांसमोर ठेवून. आधी गरज ठरली, मग घर झाले. दीक्षाभूमीचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी जिथे धम्मदीक्षा झाली, तिथल्या स्तूपाचा आराखडा वास्तुशिल्पी शिवदान मल यांनी केला. काम 1978 मध्ये सुरू झाले आणि 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे 23 वर्षे! सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. इथे घडण सांचीची घेतली, पण घुमट पोकळ ठेवला, कारण लाखो लोकांना आत जाऊन वंदन करायचे होते. जुने रूप आणि आजची गरज यांचा मेळ असा घालायचा असतो. पुढे त्याच आवारात भूमिगत वाहनतळाचे काम निघाले. स्तूपाला धोका पोहोचेल या भीतीने 1 जुलै 2024 रोजी हजारो लोक तिथे जमले आणि शासनाला त्या कामाला स्थगिती द्यावी लागली. ज्यांची वास्तू त्यांना विश्वासात घेतले नाही तर काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले.

तेव्हा आपण काय करायचे? आम्हाला सुचते ते असे. वास्तुशिल्पी 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेला असावा. त्याची फी, ती किती टप्प्यांत द्यायची, नकाशे किती वेळा बदलून मिळतील आणि कामावर तो किती वेळा येईल, हे लेखी ठरवावे. खांब-तुळयांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वेगळा करून घ्यावा. आपण काय मागतो याची यादी मात्र आपणच द्यायची आहे. वंदनेला किती माणसे बसतात? मुलांना अभ्यासाला जागा कुठे? आपल्या आयाबायांना गुडघेदुखीने जिने चढवत नाहीत, त्यांच्यासाठी उतार कुठे? महिलांसाठी स्वच्छतागृह, पुस्तकांसाठी कोरडी भिंत, लग्नकार्याचा स्वयंपाक, अंगणातला बोधिवृक्ष, हे सगळे कागदावर आले पाहिजे. वास्तुशिल्पी रेषा ओढेल, पण आपले जगणे त्याला आपणच सांगितले पाहिजे.

आणि एक विनंती. पहिला नकाशा आला की तो विहाराच्या भिंतीवर महिनाभर लावावा. ज्याने शंभर रुपये दिले त्यानेही बघावा, ज्याला काहीच देता आले नाही त्यानेही बघावा. नकाशा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जमिनीवर चुन्याने खोल्या आखून दाखवाव्यात. त्यात उभे राहून आपल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगावे, इथे अडचण होते, इथे बरे आहे. भिंत उठल्यावर बदल करायचा तर पैसा जातो, चुन्याची रेघ मात्र पायाने पुसता येते. वैशालीच्या त्या शिंप्याची तक्रार आपल्या वस्तीत कुणालाही करावी लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम!