घरभाडे पाप, फंड पुण्य?

हाती चार पैसे खुळखुळू लागलेल्या सुशिक्षितांत एक मत बळावते आहे: दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने देणे अनैतिक, तेच पैसे म्युच्युअल फंडात घालणे निष्पाप. प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडतो. निवारा ही गरज आहे; तिच्यावर कमावणे म्हणजे अडलेल्याकडून वसुली. मेट्रो येते जनतेच्या पैशाने, भाडे वाढते मालकाचे. शिवाय अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायला लावण्याची सत्ता त्याच्याच हाती. हे आक्षेप पोकळ नाहीत. वाढत्या जमीनमूल्याविषयी अमेरिकी अर्थचिंतक हेन्री जॉर्जने १८७९ सालीच असे रान उठवले होते.

पण जॉर्जने जमीन आणि इमारत यांत भेद केला होता. जमिनीची मूल्यवाढ समाजामुळे होते, म्हणून कर तिच्यावर. इमारत श्रम-भांडवलातून उभी राहते, म्हणून तिच्यावर नाही. जमिनीच्या मूल्यवाढीचा आयता लाभ तर घराला कुलूप घालून बसणाऱ्यालाही मिळतो! २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. मग आधी जाब कुणाला विचारायचा?

भाडे चिरडले की भाडेकरू सुखी होतो, असेही कुणी मानू नये. मुंबईने ते करून पाहिले. १९४७च्या कायद्याने बहुतेक जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना. मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली, पागडी फोफावली, भाड्यासाठी नव्या इमारती बांधणे आटले. अखेर १९६९च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीसाठी सरकारला मंडळ काढावे लागले. त्या गळक्या छपरांखाली राहिले कोण? भाडेकरूच.

आता फंड तपासू. निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घेणाऱ्याच्या वाट्याला सिगारेटच्या धंद्यातला हिस्सा येतो आणि ज्यांच्या गृहकर्जावर ते दुसरे फ्लॅट घेतले जातात, त्या बँकांचाही. फरक इतकाच की भाडेकरूचे तोंड दिसत नाही. धर्म विचारून घर नाकारायचे का, अनामत अडवायची का, हे घरमालकाला स्वतः ठरवावे लागते आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते. फंडधारकावर ती वेळच येत नाही. वाईट वागण्याची संधी मिळाली नाही, हा सद्गुण कसा?

उरला अकरा महिन्यांचा आक्षेप. सगळ्यांत वजनदार तोच. केंद्राच्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो नोंदवावाच लागतो. म्हणजे इथे अकरा महिन्यांनी नोंदणी टळत नाही. सिगारेट कंपनीचे धोरण एकट्या फंडधारकाच्या सहीने बदलत नाही. भाडेकरूची अस्थिरता मात्र मालकाच्या एका सहीने कमी होते. मग तीन वर्षांचा करार करायला त्याला कोण अडवतो?