सर्वत्र

बंगळूरच्या छावणीतील रस्त्यांची नावे ही एके काळी लष्कराची हजेरीपटच होती. त्यांतला कॅव्हलरी रोड पुढे कामराज मार्ग झाला. हलसूरकडचा आर्टिलरी रोड आपले नाव राखून आहे. मात्र या नगराचा तोफखान्याशी असलेला संबंध रस्त्याच्या पाटीपुरताच नाही. १५ जानेवारी १९३५ रोजी हिंदी जवानांची पहिली मैदानी तोफदळ-तुकडी, ‘ए’ फील्ड ब्रिगेड, येथेच उभी राहिली.

या घटनेचे मोल १८५७ कडे वळून पाहिल्याखेरीज कळावयाचे नाही. त्या उठावानंतर इंग्रजांनी तोफ हिंदी माणसाच्या हाती राहू दिली नाही. डोंगरी तोफांच्या मोजक्या बॅटऱ्या तेवढ्या वगळल्या. त्यांतलीच एक आमच्या मुंबई इलाख्याची. २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभारलेली गोलंदाज पलटणीची आठवी कंपनी हीच पुढे पाचवी (मुंबई) माउंटन बॅटरी झाली, आणि तोच दिवस तोफखाना आज आपला दिन म्हणून पाळतो. गोलंदाज हा शब्द पेशव्यांच्या सरदार पानशांच्या तोफखान्यात रुळलेला. आमच्या घरांतून तो आता क्रिकेटच्या मैदानापुरताच उरला आहे!

तोफखान्याच्या बिल्ल्याची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. पायदळाची पलटण आपल्या निशाणावर जिंकलेल्या लढायांची नावे मिरविते. तोफखान्यास असे निशाण नाही. तोफ हेच त्याचे निशाण. चौथ्या विल्यम राजाच्या कारकीर्दीत इंग्रजी तोफखान्यास लढायांच्या नावांऐवजी एकच लॅटिन शब्द मिळाला, त्याचा अर्थ ‘सर्वत्र’. जेथे जेथे लढाई, तेथे तेथे तोफ. मग नावे किती कोरावयाची? त्याच्या जोडीला दुसरे वाक्य होते: धर्म आणि कीर्ती नेतील तिकडे.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्यावरील राजमुकुट गेला, त्या जागी तारा आला, तोफ राहिली. ब्रीदवाक्य झाले ‘सर्वत्र इज्जत ओ इकबाल’. संस्कृत आणि फारसीचा हा संयोग कित्येकांस खटकतो. आम्हांस तो खटकत नाही. संस्कृत मुद्रेखाली फारसी शब्दांनी भरलेली पत्रे लिहिणाऱ्या मराठी दप्तराच्या वारसांनी त्याचे नवल का करावे? भाषांतर म्हणून मात्र ते सैल आहे. मुळातली दोन वाक्ये येथे एक झाली, आणि ‘धर्म’ या अर्थाच्या शब्दाची जागा ‘इज्जत’ने घेतली. धर्म मार्ग दाखवितो, इज्जत सांभाळावी लागते. हा फरक लहान नव्हे. ‘सर्वत्र’ हा शब्द मात्र अचूक उतरला आहे. नेमणूकपत्रात ‘भारतात कोठेही’ हे कलम वाचून घर सोडलेल्या आम्हां चाकरमान्यांस त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको.

नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रातील रंगरूट आजही शपथ घेतो ती तोफेच्या साक्षीनेच.