अनोळखी गिऱ्हाइकासाठी रंगवलेलं घर

वऱ्हाडातल्या मोताळा तालुक्याच्या खानदेशाकडच्या बाजूला धामणगाव बढे आहे. कपाशी आणि मक्याचा हा मुलूख. इकडच्या गावांत 'अमक्याने घर काढलं' एवढं वाक्य कानावर आलं तरी ऐकणारा क्षणभर गप्प होतो. घर काढलं म्हणजे विकायला काढलं, आणि त्यामागे कर्ज, भाऊबंदकी किंवा पोरांनी गाव सोडणं यांपैकी काहीतरी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. अशा वेळी भिंतींना रंग देऊन घर दाखवायला मांडून ठेवावं, हे कुणाला सुचणार? उलट बोलणी होता होईतो अंधार पडल्यावर, आणि इसाराचे पैसे हातात पडेपर्यंत कुणाला पत्ता नाही, अशी पद्धत.

घर सजवण्याची कला मात्र गावाला चांगली येत होती. ती खर्ची पडायची सोयरिकीवर. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटलं की दोन दिवस आधी सारवण व्हायचं, ओसरीला चुना, खालून वीतभर गेरूचा पट्टा. शेजारून खुर्च्या यायच्या, तिसऱ्या घरातून न फुटलेल्या कपबशा. खोकणाऱ्या आजोबांची खाट तेवढ्यापुरती मागच्या दारी जायची. धान्याच्या कोठीवर नवं फडकं, कोनाड्यातल्या औषधाच्या बाटल्या गायब. घर जरा मोठं, जरा भरलेलं आणि जरा निरोगी दिसलं पाहिजे. परदेशात ज्याला आज 'होम स्टेजिंग' म्हणतात आणि ज्याचे पैसे मोजून घेतात, ते सगळं यात आलं. फरक इतकाच की इथे दाखवलं जायचं घर, पण सौदा घराचा नसायचा.

मग विक्रीच्या वेळी हीच कला का वापरली गेली नाही? लाज हे एक कारण आहेच, पण ते अर्धंच. घर विकत घेणारा बहुधा शेजारी किंवा भाऊबंद असे, आणि त्याच्यापुढे सजवून उपयोग काय? तुमची उत्तरेकडची भिंत कोणत्या पावसाळ्यात फुगली, न्हाणीचं पाणी कुठे मुरतं, धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, कुठे गळतं, हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक. बऱ्याचदा ती भिंत त्याचीही असते.

शेजाऱ्याला आधी विचारायचं, ही नुसती गावरीत नाही, तिला फार जुना लेखी आधार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात वास्तूच्या विक्रीचे नियम आहेत. जमीन-घर घेण्याचा पहिला हक्क नात्यातल्यांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकाराचा. बाहेरच्यांचा नंबर त्यानंतर. विक्री करायची ती घराच्या दारात, शेजारच्या चाळीस कुळांसमोर, हद्दी नीट सांगून. या किमतीला कोण घेतो, असं तीनदा पुकारायचं. कुणी हरकत घेतली नाही तर घेणाऱ्याने घ्यावं. आणि चढाओढीत भाव वाढलाच तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जमा. म्हणजे घर चांगलं दिसून बोली वर गेली तरी विकणाऱ्याच्या पदरात काहीच नाही! कौटिल्याच्या राज्यात घर सजवण्याचा धंदा काढणारा उपाशीच मेला असता.

मराठेशाहीतल्या खरेदीखतांतही घराच्या रूपाचं कौतुक नसतं. असतात ते खण, चतुःसीमा आणि साक्षी. दोन खांबांमधल्या अंतरावरून घराचे खण मोजत, आणि घर पाच खणांचं की सात, हे सांगितलं की आकार कळला. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस गल्ली, असं चारही दिशांनी घर बांधून टाकायचं. शेवटी गोताची साक्ष: पाटलाची निशाणी नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, सुताराचं त्याचं हत्यार, बाईमाणूस असेल तर बांगडी. ज्यांच्या निशाण्या त्या कागदावर येत, ते सगळे त्या घरात कधी ना कधी जेवून गेलेले. त्यांच्यापासून काय लपणार?

इंग्रजी अमदानीत कागद बदलले, पण परक्याबद्दलची अढी कायद्यातही उतरली. 1893 च्या विभाजन कायद्याचं चौथं कलम सांगतं की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला आणि तो वाटणी मागायला कोर्टात आला, तर घरातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा त्याच्याकडून विकत घेऊन त्याला बाहेर ठेवता येतं. वऱ्हाडच्या 1928 च्या जमीन महसूल कायद्यात शेतजमिनीपुरता सहहिस्सेदाराला अग्रक्रय हक्क होता. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही, बाविसाव्या कलमात, वारसांपैकी कुणी आपला हिस्सा विकू लागला तर आधी बाकीच्या वारसांना घेण्याची मुभा ठेवली. दोन हजार वर्षांचं अंतर, पण रांग तीच: आधी घरचे, मग दारचे.

अशा ओळखीच्या गिऱ्हाइकाची घर बघण्याची तऱ्हा पाहण्यासारखी असे. तो आत येऊन भिंतीकडे बघतच नाही, मान वर करून बघतो. किंमत लाकडात. छताचा सर, म्हणजे तुळई, सागवानी आहे की आडजात, हे तो लांबूनच ओळखतो. जवळ जाऊन नखाने खरवडतो, बोटांच्या पेराने ठोकतो आणि कान लावतो. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर वाळवीने आतून काम उरकलेलं. खाली खांबाच्या पायथ्याशी बारीक भुसा पडलाय का, हे तो बोलता बोलता चपलेने बघून घेतो. लाकडाला जळकं ऑइल नुकतंच फासलेलं दिसलं तर त्याचा संशय वाढतो. मग शिडी लावून धाब्यावर. तिथे पांढऱ्या मातीचा थर किती, तिला भेगा किती, पन्हाळ कुणाच्या अंगणात पडतं. ही पांढरी माती पाणी धरत नाही म्हणून धाब्यावर तिचाच थर देतात. एवढं झाल्यावर तो खाली उतरतो आणि मोडीचा भाव सांगतो: उद्या घर पाडलं तर लाकूड, दारं, चौकटी, दगड किती निघेल. त्यावर जागेची किंमत. राहत्या माणसांसमोर त्यांच्या घराच्या मोडीचा हिशेब मांडायला छाती लागते, पण गावात ती बहुतेकांना असते.

रंगाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. मूळचा रंग म्हणजे पांढऱ्या मातीचा पोतारा. चुना त्यानंतरचा, आणि तो पैसेवाल्यांचा. कळीचा चुना हौदात किंवा पत्र्याच्या ड्रममध्ये टाकून वर पाणी ओतलं की तो फुरफुरतो, उकळतो, वाफा सोडतो. पोरांना लांब उभं करून हा तमाशा दाखवायचा. रात्रभर निवला की फडक्याने गाळायचा, त्यात डिंक, किंचित मीठ, आणि पिवळटपणा मारायला निळीची पुडी. वाखाचा कुंचा ठेचून मऊ करून हात द्यायचा. पहिल्या दिवशी भिंत मळकट दिसते, माणूस निराश होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत चुना पुन्हा दगडाच्या जातीचा होतो तसतशी ती उजळते.

चुन्याला 'स्वच्छ घर' हा अर्थ चिकटण्यात प्लेगचाही मोठा हात आहे. 1896 मध्ये मुंबईत साथ आली, 1897 मध्ये साथरोग कायदा झाला, आणि सरकारी पथकं घरात शिरून सामान बाहेर काढू लागली, छपरं उघडू लागली, भिंतींना चुना फासू लागली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तीन इंग्रजी अक्षरांचा शिक्का मारला जाई. म्हणजे पाहणाऱ्याने घरात यायचं आणि भिंतीवरून घराची लायकी ठरवायची, हा अनुभव आपल्याकडे विक्रीच्या आधी साथीने दिला. ओला चुना जंतू मारतो, हे शास्त्राने खरंच. पण पांढरी भिंत म्हणजे निरोगी घर, ही समजूत शास्त्राच्या पुढे निघून गेली. पाठोपाठ डिस्टेंपर आलं, तेलाचा रंग आला. मुंबईत 1942 मध्ये सुरू झालेल्या एशियन पेंट्सच्या सुरुवातीच्या वाटचालीत पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी छोटे डबे विकल्याची कथा सांगतात. वऱ्हाडातल्या माणसाला ती पटायला वेळ लागत नाही. बैलाच्या शिंगांना विकतचा रंग आणि मालकाच्या भिंतीला माती, असं चित्र बरीच वर्षं होतं.

विक्रीसाठी घर मांडण्याचा धंदा मात्र खरोखर परका आहे. त्याचं श्रेय अमेरिकेत सिॲटल परिसरात घरविक्रीचं काम करणाऱ्या बार्ब श्वार्ट्झ या बाईंना देतात, साल 1972. नाटकाच्या नेपथ्यासारखं घर मांडायचं, ही त्यांची कल्पना: पसारा काढा, सामान निम्मं करा, घरच्यांचे फोटो उतरवा, म्हणजे येणाऱ्याला स्वतःचा संसार तिथे दिसू लागेल. 1998 मध्ये ब्रिटनच्या चॅनल 5 वर 'हाउस डॉक्टर' हा कार्यक्रम आला आणि ॲन मॉरिस या अमेरिकन बाईंनी इंग्रजांना त्यांच्या भिंतींवरून बोल लावत ही रीत घरोघरी नेली. हे त्याच समाजात उगवू शकत होतं, जिथे घेणारा आणि विकणारा एकमेकांना आयुष्यात एकदाच भेटतात. फोटो उतरवण्याचा सल्ला मला आपल्याकडे तर उलटा वाटतो. हार घातलेले आजा-पणजांचे फोटो बघूनच गावातला माणूस ठरवतो की घर वडिलार्जित आहे, वाटण्या झाल्या असतील तर कुठल्या पिढीत, आणि अजून कोणाकोणाची सही लागेल.

महाराष्ट्रात ही रीत आली ती मुंबई-पुण्याच्या नमुना सदनिकेतून. तिथे तर घरच नसतं, फक्त नमुना असतो. पलंग नेहमीपेक्षा आखूड, खोल्यांना दारं नाहीत, एका भिंतीला आरसा, छतात दिव्यांची रांग; दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी वाटते. या फसगती इतक्या झाल्या की 2016 च्या रेरा कायद्यात बारावं कलम घालावं लागलं. जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेवरून दिलेल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यायची. त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. सजावटीला कायद्याने पुरावा मानलं, असं म्हणायला हरकत नाही.

गावात अनोळखी गिऱ्हाईक आता येऊ लागलं आहे. पोरगा पुण्यात, सुरतेत किंवा छत्रपती संभाजीनगरात. म्हातारे गेले की घराला कुलूप. भाऊबंदांना घर नको असतं, त्यांनाही शहरात फ्लॅट घ्यायचा असतो. मग घेणारा निघतो तो बदलून आलेला मास्तर, शेजारच्या खेड्यातला दुकानदार, रस्त्याकडेला गाळा हवा असलेला कुणी. त्याला तुमचा पावसाळा ठाऊक नाही. म्हणून ओल आलेल्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात, वर फिकट गुलाबी रंग, ओसरीत फरशी, पीओपीची एक पट्टी आणि फोनवर फिरणारा व्हिडिओ. दार दक्षिणेला असेल तर बाजूने नवीन दार फोडून जुनं बुजवायचं. पुट्टीखाली काय आहे, हे पोकळ आवाज ऐकणारा माणूस आता सोबत आणला जात नाही. खरं तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं पंचावन्नावं कलम विकणाऱ्यावरच भार टाकतं: आपल्याला ठाऊक असलेला आणि साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष त्याने घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. गावात हे कलम कुणी कधी ऐकलं नसेल, कारण त्याची गरजच नव्हती.

अनोळखी माणसाला कागदही पक्के लागतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव आहे, एवढ्यावर शेजारी पैसे मोजायचा. पण तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा नव्हे, हे बँक लगेच सांगते. म्हणून 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेचं महत्त्व. गावठाणावरून ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची, वरून फोटो निघणार, त्यावरून मिळकत पत्रिका. भिंतींवर मारायचा चुना जमिनीवर आला, आणि रेघ ओढताना वीतभर इकडे की तिकडे यावरून ज्यांच्यात वीस वर्षं बोलणं नव्हतं, ते शेजारी पुन्हा बोलू लागले; निदान भांडू तरी लागले.

तरीही सगळ्यात जास्त दिवस लागतात ते बहिणींच्या सह्यांना. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वारसा कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलार्जितात जन्मजात हिस्सा दिला. तेव्हापासून रंग-पुट्टी आठवड्यात उरकते, पण लेकींचं हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर त्यांची सही हा खरा खटाटोप. एक जळगावला, एक अकोल्याला, एकीचा नवरा रजेवर कधी येणार ते ठरलेलं नाही. त्या एकत्र माहेरी येतात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर दिवाळीला. दिवाळीला घर तसंही रंगवलेलं असतं, म्हणून बघणाऱ्यालाही तेव्हाच बोलावतात. सुट्ट्या संपून मोताळ्याला दुय्यम निबंधकाचं ऑफिस उघडलं की रजिस्ट्रीसाठी जीप ठरते. भाऊबीजेची ओवाळणी आणि हक्कसोडपत्रावरचा अंगठा यांत काही घरांत चार दिवसांचंही अंतर नसतं, आणि ताटात पडलेल्या नोटा त्या वर्षी नेहमीपेक्षा जरा जास्तच असतात.