उशाशी बसलेल्यांची बखर

पानिपत शहराबाहेरचा काला अंब हे आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींचे जणू वार्षिक तीर्थ होऊन बसले आहे. 14 जानेवारी आली की दिल्लीहून गाड्या निघतात, महाराष्ट्रातून माणसे येतात, आणि स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारा हरियाणातील रोड समाजही मोठ्या संख्येने तेथे जमतो. येथे एके काळी आंब्याचे झाड होते. रणात सांडलेल्या रक्ताने माती भिजली, त्यामुळे त्याची पाने काळवंडली, अशी आख्यायिका आहे. आज झाड नाही. त्या जागी एक स्मारकस्तंभ उभा आहे. त्याच्या पायथ्याशी पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी यांची नावे आदराने उच्चारली जातात. ते सर्वथा उचितच आहे. परंतु गेल्या महामारीनंतर त्या स्तंभासमोर उभे राहिले असता आमच्या मनात निराळाच एक प्रश्न येतो. जे पडले त्यांची नावे आपण घेतो, जे वाचले त्यांच्या हकीकती वाचतो. पण आजाऱ्याच्या आणि जखमी माणसाच्या उशाशी जे बसले त्यांची नोंद कोणी ठेवली?

1760 च्या हिवाळ्यात या मैदानावर जो तळ पडला होता तो केवळ फौजेचा नव्हता. सरदारांची कुटुंबे होती, उत्तरेच्या तीर्थयात्रेसाठी लष्कराच्या आश्रयाने निघालेले यात्रेकरू होते, बुणगे, बाजारकरी, चाकर, दासी होत्या. लढणाऱ्यांहून न लढणारे अधिक होते, असेच बहुतेक इतिहासकार मानतात. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हा सगळा संसार खंदकाच्या आत कोंडला गेला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशा मावळली. उपासमार सुरू झाली, जनावरे मेली, त्यांच्या दुर्गंधीने तळावर राहणे असह्य झाले, आणि उत्तरेची थंडी अंगावर पुरेसे वस्त्र नसलेल्या माणसांना झोंबू लागली. अशा ठिकाणी रोगराई नसेल हे संभवत नाही. त्या काळच्या फौजांबरोबर वैद्य आणि जर्राह असत. परंतु औषध देऊन वैद्य निघून गेल्यावर पाणी पाजणे, पट्टी बदलणे, भरड दळून कण्या शिजवणे, तापाच्या ग्लानीत बरळणाऱ्याला धरून ठेवणे ही कामे घरच्या माणसांनी किंवा चाकरांनीच करावयाची, अशी रीत होती. त्यांच्या वाट्याला त्या दोन-अडीच महिन्यांत काय आले असेल, याविषयी आपल्या बखरी जवळजवळ मुक्या आहेत.

जे थोडे कळते ते अपवादाने कळते. नाना फडणीस तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. आई आणि पत्नी यांच्यासह ते या मोहिमेत आले होते. पुढे त्यांनी स्वतःची जी हकीकत लिहून ठेवली तीत या प्रलयाचे वर्णन आहे. ते वाचले, पत्नीही वाचली. आई मात्र त्या धुमाळीत कायमची अंतरली. मराठी राज्याचा कारभार पुढे ज्याने कित्येक वर्षे सांभाळला त्या मुत्सद्द्याच्या मनावर हा घाव होता. दुसरी नोंद भरतपूरची. रणातून निसटलेली अर्धनग्न, उपाशी, जखमी माणसे सूरजमल जाटाच्या मुलखात पोचली, तेव्हा त्याने व राणी किशोरीने त्यांना अन्नवस्त्र आणि औषधपाणी दिले. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहादूर डीग येथे जखमी अवस्थेत पोचला. उपचार होऊनही तेथेच त्याचा अंत झाला. येथे आम्हांला राजाराणीचे नाव कळते. समशेरबहादुराच्या जखमा ज्या हातांनी धुतल्या त्या हातांचे नाव मात्र कळत नाही.

हा प्रश्न पानिपतालाच का विचारावा, असे कोणी म्हणेल. त्याचे एक कारण असे की, याच परिसराने परवाच्या महामारीतही आपली भूमिका बजावली. 2021 च्या एप्रिलात दिल्लीत प्राणवायूसाठी हाहाकार उडाला. 20 एप्रिलला एका दिवसात दिल्लीत 28,395 नवे रुग्ण नोंदले गेले. त्या दिवसांत पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्याने रसायननिर्मितीसाठी लागणारा प्राणवायू रुग्णालयांकडे वळवला. मे महिन्यात कारखान्याजवळ पाचशे खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. एकेकाळी जेथे रसद तुटल्याने माणसे मेली, तेथूनच दिल्लीच्या दिशेने श्वासाची रसद निघाली. हे सर्व कागदोपत्री नोंदलेले आहे आणि राहील. परंतु दिल्ली, गाझियाबाद, फरीदाबाद, सोनीपत येथील बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात नव्हतेच. ते घरी होते, आणि त्यांच्याजवळ घरचे कोणी तरी होते.

या 'घरच्या कोणी तरी' माणसाशी सत्तेने कसा व्यवहार केला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, रुग्णांना इस्पितळात आणि त्यांच्या नातलगांना विलगीकरणाच्या छावणीत नेले. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी जे केले ते सर्वश्रुत आहे. पण लोकांच्या संतापाचे मूळ केवळ सोवळेओवळे आणि घरातील बायकांची बेअब्रू यांतच नव्हते. आजारी माणसाला त्याच्या माणसांपासून तोडले जात होते, हेही त्याचे मोठे कारण होते. म्हणून लोक रोगी लपवीत, माळ्यावर ठेवीत, रात्री गुपचूप पाणी पाजीत. ही भीती ओळखूनच टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. दैवदुर्विलास असा की, गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, दाखवून दिले. म्हणजे जी ताटातूट एवढ्या सक्तीने केली गेली, तिच्यातील बराच भाग व्यर्थ होता.

त्याच वर्षी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर दुसरे एक चित्र दिसते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी तेथे रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मायलेक मिळून शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, स्वतःला प्लेग झाला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे नाव राहिले, कारण त्या आधीच सावित्रीबाई होत्या. त्या वर्षी आपल्या मुलाला, सासूला, जावेला पाठीवर घेऊन निघालेल्या इतर स्त्रियांना चरित्रकार लाभले नाहीत.

त्यांचा हिशेब मात्र एकदा आकड्यांत उमटला. 1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने मुंबई इलाखा झोडपला. त्या वर्षी पाऊस रुसला होता, धान्य महागले होते. हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसे दगावली असावीत, असे निरनिराळे अंदाज आहेत. 1911 ते 1921 हे दशक लोकसंख्या घटलेले एकमेव दशक म्हणून आपल्या जनगणनेत नोंदले गेले आहे. या संहारातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. जगात इतरत्र तरुण पुरुष अधिक दगावले. हिंदुस्थानात मात्र स्त्रिया अधिक दगावल्या. अपुरे अन्न हे त्याचे एक कारण सांगतात. दुसरे असे की, घरातील सर्वांची शुश्रूषा त्याच करीत होत्या. स्वतःला ताप असताना चूल पेटवावयाची, पाणी भरावयाचे, शेवटी उरेल ते खावयाचे, आणि रात्री कण्हणाऱ्याजवळ जागावयाचे. इतिहासाने ज्यांची नावे लिहिली नाहीत, त्यांची संख्या मृत्यूच्या कोष्टकात अशी उमटली.

शंभर वर्षांनी काय घडले? 2020 च्या आरंभी प्रथम 1897 चेच दृश्य दिसले: रोगी उचलून न्यावयाचा, आप्तांनी दाराशीच थांबावयाचे. मग खाटा अपुऱ्या पडतील असे दिसू लागले, आणि 27 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच ठेवण्याची नियमावली काढली. तीत अट होती की, रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती चोवीस तास उपलब्ध असावी आणि तिचा रुग्णालयाशी सतत संपर्क असावा. तिने तिपदरी मुखपट्टी बांधावी, हातमोजे घालावेत, भांडी निराळी ठेवावीत. फायलींत आयुष्य घालवणाऱ्या आम्हांसारख्या कारकुनांना त्या कागदाची भाषा परिचयाची आहे. तीत कर्तव्ये मोजून दिलेली असतात. ती व्यक्ती झोपणार केव्हा, तिच्या रोजगाराचे काय, एकाच खोलीच्या बिऱ्हाडात निराळी खोली कोठून आणावयाची, यांविषयी तो कागद बोलत नाही. त्याच महिन्यात साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर, परिचारिका आदी आरोग्यसेवकांना संरक्षण मिळाले. ते आवश्यकच होते. घरच्या शुश्रूषकाचा उल्लेख तेथेही नव्हता.

1897 मध्ये सरकारने रोगी घरातून ओढून नेला. 2020 मध्ये तो घराच्या हवाली केला. दोन्ही वेळा उशाशी बसणाऱ्याला कोणी विचारले नाही. 2021 च्या वसंतात त्याचे मोल चुकते झाले. प्राणवायूचे नळकांडे भरून घेण्यासाठी रात्रभर रांगेत उभा असलेला मुलगा, नखाला यंत्र लावून दर तासाला आकडा वहीत टिपणारी सून, आईची सेवा करताना स्वतः तापलेली आणि तरी ते कोणाला न सांगणारी मुलगी, अशी माणसे दिल्लीतील प्रत्येक गल्लीत होती. त्यांपैकी कित्येकांनी रोग्याला वाचवले. कित्येकांना ते जमले नाही, आणि 'आणखी थोडी धावपळ केली असती तर' हा सल त्यांच्या मनात राहिला. त्या सलाला औषध देणारे कोणी नव्हते.

तथापि एक नोंद न्यायाने केली पाहिजे. 7 जून 2021 रोजी केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने परिपत्रक काढले: आईवडिलांना किंवा अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना कोविड झाल्यास कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळावी, रुग्ण त्यानंतरही इस्पितळात असल्यास त्याला घरी सोडीपर्यंत शिल्लक असलेली कोणतीही रजा द्यावी. शुश्रूषेलाही वेळ लागतो आणि तो वेळ म्हणजे कामच होय, एवढे सत्य त्या रुक्ष कागदाने मान्य केले. पण ते मान्य झाले आम्हां सरकारी नोकरांपुरते. रोजंदारीवरच्या मजुराला, दुकानातल्या नोकराला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती रजा कोण देणार? 2024 सालच्या केंद्रीय पाहणीत 15 ते 59 वयाच्या स्त्रियांपैकी 41 टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या, आणि त्या दिवसाला सरासरी 140 मिनिटे त्यात घालवीत होत्या. पुरुषांचे प्रमाण जेमतेम 21 टक्के, आणि मिनिटे 74. साथ नसतानाचा हा हिशेब आहे. साथ आली की तो कोठे जातो, हे 1918 ने एकदा दाखवले आहे.

पानिपताचा इतिहास आपल्याला कळला तो पत्रांतून, बखरींतून, एखाद्या नाना फडणिसाच्या आत्मकथनातून. लिहिणाऱ्यांनी लिहिले तेवढेच उरले. या महामारीच्या बखरी अजून लिहावयाच्या आहेत, आणि त्या लिहू शकणारी माणसे आज आपल्यात आहेत. आमची महाराष्ट्राबाहेरील सर्व मंडळांना विनंती आहे की, आपल्या सभासदांकडून त्या दोन वर्षांची साधी टिपणे लिहवून घ्यावीत: घरात कोण आजारी पडले, त्यांच्याजवळ कोण बसले, किती रात्री बसले, त्यांच्या कामाचे, पगाराचे, प्रकृतीचे पुढे काय झाले. भाषेच्या अलंकाराची गरज नाही. तारखा असाव्यात, आणि ज्यांनी सेवा केली त्यांची नावे त्यांच्या संमतीने असावीत. पुढची साथ येईल तेव्हा नियम करणाऱ्यांच्या समोर निदान एवढा कागद तरी असेल.