99.5 टक्क्यांची अट : पेट्रोलमधील इथेनॉल आणि छोट्या इंजिनांचा इतिहास

1948 साली भारतात ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या अल्कोहोलची व्याख्या करताना त्यात एक काटेकोर अट होती : 60 अंश फॅरनहाइटला मोजले असता त्यात आकारमानाने किमान 99.5 टक्के इथेनॉल असले पाहिजे. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉलची शुद्धता 95-96 टक्क्यांच्या पुढे जात नाही. उरलेले पाणी काढण्यासाठी वेगळी, खर्चिक प्रक्रिया करावी लागते. तरीही कायद्याने ती अट घातली, कारण इथेनॉलबरोबर आलेले पाणी इंजिनाला काय करते, हे तेव्हाही ठाऊक होते.

या कायद्याची मुळे साखरेत होती. 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण मिळाले आणि काही वर्षांतच देशातील कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपासवरून शंभराच्या पुढे गेली. साखरेबरोबर मळीही वाढली आणि तिचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. मळीपासून अल्कोहोल गाळून ते मोटारींत जाळावे, हा विचार संयुक्त प्रांतात मूळ धरू लागला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा त्याला निकड प्राप्त झाली. पुढे आयात तेल स्वस्त झाले, रसायन उद्योग आणि मद्यनिर्मिती यांनी अल्कोहोलवर हक्क सांगितला आणि कायदा पुस्तकातच राहिला. 2000 साली तो रद्द करण्यात आला.

योगायोग असा, की पुढच्याच वर्षी ती कल्पना परत आली. 2001 मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे इथेनॉल-मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. जानेवारी 2003 पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा आदेश निघाला. मात्र उसाचे पीक घटले की इथेनॉल मिळेनासे होई. 2013-14 मध्ये देशातील सरासरी मिश्रण अवघे 1.53 टक्के होते. इतक्या अल्प प्रमाणात वाहनधारकाला फरक जाणवण्याचे कारण नव्हते. त्या काळात विकल्या गेलेल्या लक्षावधी दुचाकी जवळजवळ शुद्ध पेट्रोलवरच धावत राहिल्या.

त्यानंतरचा वेग मात्र विलक्षण होता. जून 2022 मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात वीस टक्क्यांसाठी 2030 ची मुदत होती, ती पाच वर्षे अलीकडे आणली गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळुरू येथे वीस टक्के इथेनॉल असलेले ‘ई-20’ पेट्रोल विक्रीस आले आणि 2025 मध्ये ते देशभरच्या पंपांवरचे सर्वसाधारण पेट्रोल झाले.

इंधन बदलले, इंजिने तीच राहिली. अडचणीचे मूळ येथे आहे.

पहिला तोटा ऊर्जेचा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. पाचव्या हिश्शाने मिश्रण केले की प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उंच असतो. त्याचा लाभ घेऊन हा तोटा अंशतः भरून काढता येतो. परंतु त्यासाठी इंजिनाची रचनाच अधिक संपीडनासाठी केलेली असावी लागते. जुन्या इंजिनाला तो लाभ मिळत नाही.

दुसरा प्रश्न हवेचा. पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते; इथेनॉलला नऊच भाग पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतोच. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या आधुनिक वाहनांत ऑक्सिजन संवेदक हा फरक ओळखून इंधनाचे प्रमाण वाढवतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याच्या जेटचे छिद्र पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले असते आणि त्यातून पूर्वीइतकेच इंधन येते. मिश्रण विरळ होते, थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते, वेग वाढवताना अडखळते आणि अधिक तापते. भारतातील दुचाकींत कार्बोरेटरची जागा अंतःक्षेपणाने सर्वत्र घेतली ती एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज-6 मानके लागू झाल्यावर.

तिसरा प्रश्न पाण्याचा, म्हणजे 1948 च्या त्या अटीचा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. कारखान्यातून ते 99.5 टक्के शुद्ध निघाले, तरी पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत महिना-दोन महिने पडून राहिल्यावर ती शुद्धता टिकेलच असे नाही. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्यासह तळाशी बसते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक घसरतो, खालचा थर धातूला गंज चढवतो आणि इंधन नेमके तळातूनच ओढले जाते. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीत हे सहसा घडत नाही. हंगामापुरते बाहेर निघणारे फवारणी यंत्र, गवत कापण्याचे यंत्र किंवा वीज गेल्यावरच आठवणारा जनित्र यांना हा धोका खरा आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. तळाच्या पाणीदार थरात ते जवळजवळ नसते. असा थर इंजिनात गेला तर पिस्टन कोरडा घासतो आणि अडकून बसू शकतो.

यांखेरीज इथेनॉल काही प्रकारचे रबर फुगवते आणि जुन्या टाकीतील साचलेला थर सुटा करून गाळणीत आणून सोडते.

यातील काहीही नव्याने उघड झालेले नव्हते. जून 2021 मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच म्हटले होते, की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ई-20 वर सहा ते सात टक्क्यांनी आणि तशा दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल. या घटीची भरपाई म्हणून मिश्रित इंधनाला करसवलत देण्याचा विचारही त्यात होता. ऑगस्ट 2025 मध्ये तक्रारींचा सूर वाढला, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला : एक लाख किलोमीटरपर्यंतच्या चाचण्यांत शक्ती किंवा झीज यांत लक्षणीय फरक आढळला नाही, काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, पण तो खर्च किरकोळ आहे. स्वस्ताईबद्दल उत्तर असे होते, की इथेनॉलचा सरासरी खरेदीदर आता लिटरला 71.32 रुपये, म्हणजे शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलहून अधिक आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली.

अन्य देशांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. अमेरिकेने पंधरा टक्के मिश्रणाला परवानगी दिली ती 2001 आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती. मोटारसायकली, नौका आणि गवत कापण्याची यंत्रे यांत ते भरण्यास मनाई केली आणि तशी सूचना पंपावर चिकटवणे बंधनकारक केले. ब्राझीलने 1975 मध्ये कार्यक्रम आरंभला आणि 2003 पासून कोणतेही मिश्रण चालवणाऱ्या मोटारी बाजारात आणल्या. तेथे इंधन आणि वाहने अनेक दशके एकमेकांच्या साथीने बदलत गेली.

इथेनॉलने भारताचे परकीय चलन वाचवले आणि ऊस उत्पादकाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे खरेच आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. 2019 मध्ये घेतलेल्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे 2034 पर्यंतची असते. तिला साजेसे इंधन मात्र सहा वर्षांतच पंपावरून नाहीसे झाले. देशातील नोंदणीकृत वाहनांत सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत आणि त्यांचे मालक बहुधा मध्यम वा अल्प उत्पन्नाचे आहेत. लिटरमागे घटलेले अंतर आणि बदललेल्या गॅस्केटचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. 1948 च्या कायद्याने अल्कोहोल किती शुद्ध असावे, हे दशांशापर्यंत ठरवले होते. त्या मिश्रणासाठी न घडवलेल्या इंजिनाचा खर्च कोणी सोसावा, हे मात्र 2025 पर्यंत कोणत्याही नियमाने ठरवलेले नव्हते.